ताई, गोगलगायी आणि निळी बाटली

ताईंसमोर कोणी हसलं, की त्या आधी दात बघतात आणि मग माणूस. यात त्यांचा काही दोष नाही. सव्वीस वर्षं त्या कवळ्या बनवतायत. दातांच्या एका दवाखान्यामागे लांबट खोली आहे, तिथे खिडकीला लागून त्यांचं टेबल. डॉक्टर रुग्णाच्या हिरड्यांचा ठसा घेऊन आत पाठवतात. ताई त्यात प्लास्टर ओततात, मेणाची हिरडी करतात, तीत एकेक दात बसवतात, जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या एका चौकटीत घालून वरचे दात खालच्यांवर नीट बसतात का ते बघतात. मग पुढचं सगळं. रस्त्यानं जाताना एखादे आजोबा बाकावर बसून सफरचंद खाताना दिसले, की ताईंची चाल मंदावते. मी विचारलं, ओळखीचे आहेत का, तर म्हणतात, "चेहरा नाही आठवत. खालची कवळी माझी आहे."

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. सासूबाईंना अकरा वर्षं त्यांनीच सांभाळलं, त्यातली शेवटची चार अंथरुणातच. सासूबाई गेल्या आणि दोन महिन्यांत, त्या दोघी राहायच्या त्या भाड्याच्या घराच्या मालकाला घर परत हवं झालं. माझा नवरा एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला, "ताई रविवारी येतेय आपल्याकडे. कायमची." मला विचारलं नाही म्हणून मी तीन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. ताईंनाही विचारलेलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या आल्या त्या दोन बॅगा आणि एक खोका घेऊन. बंद करून घेतलेल्या गॅलरीत आम्ही पलंग टाकला होता. पलंग टाकल्यावर तिथे दार अर्धंच उघडायचं. ताई एक अंग आडवं करून आत शिरल्या, खिडकी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "हवा छान आहे." पहिलं वर्षभर त्या आमच्याकडे अशा राहिल्या, की चहा संपायच्या आत कप धुऊन ठेवलेला असायचा. मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर लोकांशी बोलून जीभ दुखते. घरी आल्यावर कोणी बोललं नाही तर मला बरंच वाटायचं. पण एकाच घरात दोन बायका वर्षभर "मीठ देता का" आणि "नळ आला का" एवढंच बोलत राहिल्या, तर घराला वेटिंग रूमची कळा येते. तशी आली होती.

आता फिशटँकचं. तो माझ्या नवऱ्याचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या अंधाऱ्या बोळकांडीत दोरांच्या मध्ये उभा असतो. घरी आल्यावर डोळ्यांना काहीतरी शांत दिसावं म्हणून त्यानं दोन फुटी टाकी आणली, खाली वाळू, दिवा, बुडबुड्यांचं यंत्र आणि वीस गप्पी मासे. हौस दांडगी. माशांसाठी पाणी पिण्याच्या फिल्टरचं. "आपण पितो ते शुद्ध, मग त्यांनी काय घोडं मारलंय?" असं त्याचं म्हणणं. खाणंही असं घालायचा, की मासे खाऊन थकत आणि उरलेलं तळाला बसत असे. मग एकदा टाकी भकास दिसते म्हणून हिरवी रोपं आणली.

रोपं आणल्याला आठवडा झाला असेल. सकाळी ताई चहाचा कप घेऊन टाकीसमोरून जात होत्या, त्या थांबल्या.

"बाळ्या, हा डिंक कुणी सांडला?"

बाळ्या म्हणजे माझा सेहेचाळीस वर्षांचा नवरा.

"कुठे?"

"काचेला."

"अगं, पुसून टाक ना."

"पुसू कसा? आतून आहे."

त्या आत जाऊन आपलं कामाचं भिंग घेऊन आल्या. मेणात दात बसवताना डोळ्याला लावायचं. काचेला नाक टेकवून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, बघ इकडे." वर्षभरात त्यांनी मला स्वतःहून काही दाखवल्याचं ते पहिलंच. मी भिंग लावलं. नखाएवढा पारदर्शक थेंब होता आणि त्यात पंधरा-सोळा ठिपके. नवऱ्यानं जुनं कार्ड काढलं खरवडायला. ताईंनी त्याचा हात धरला. "राहू दे. काय निघतं बघू."

बाराव्या दिवशी गोगलगायी निघाल्या. टाचणीच्या डोक्याहून लहान. रंग फिका तपकिरी, शंख चपटा, शिंप्याची मोजपट्टी गुंडाळून ठेवावी तसा. मासेवाला, म्हणजे जिथून रोपं आणली तो दुकानदार, म्हणाला, "रॅम्सहॉर्न जातीच्या आहेत. रोपांबरोबर फुकट येतात. दिसली की चिरडायची, नाहीतर वर्षभरात तुम्ही बाहेर आणि त्या घरात." नवरा चिरडायच्या तयारीतच होता. ताई एवढंच म्हणाल्या, "चारपाच राहू दे की रे. मी बघेन त्यांच्याकडे."

ताई कधी काही मागत नसत. म्हणून नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही.

चारपाचाच्या चाळीस व्हायला दीड महिना लागला आणि चाळीसाच्या किती झाल्या ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. काचेवर गोगलगायी, रोपांवर गोगलगायी, बुडबुड्यांच्या नळीवर ओळीनं गोगलगायी. माझ्या नवऱ्याला वाटे, ताईंनी मुद्दाम वाढवल्या.

"एवढी पिलावळ? यांच्यात नर कुठला आणि मादी कुठली ते तरी कळू दे, वेगळे ठेवतो," तो म्हणाला.

"वेगळे नाहीत," ताई म्हणाल्या. कुठून तरी त्यांनी वाचून काढलं होतं. "प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते. कुणाचंही कुणाशी जमतं."

"म्हणजे स्थळं बघायची कटकट नाही!" मी बोलून गेले आणि जीभ चावली. ताईंच्या लग्नाचा विषय घरात कोणी काढत नसे. पण ताई हसल्या. आवाज करून हसल्या. "सुखी आहेत गं," म्हणाल्या.

मग त्यांनी भावाला टाकीसमोर उभं केलं. "हे बघ. तू चिमूट टाकतोस ती वीस माशांना नाही, अख्ख्या जेवणावळीला पुरेल एवढी असते. मासे खातात त्याच्या दुप्पट खाली पडतं. या खालचं खातात आणि वाढतात. गोगलगायी तूच पाळल्यास, मी नाही."

त्या दिवसापासून खाणं घालायचं काम ताईंकडे गेलं. दिवसातून एकदाच, तेही मोजके दाणे. शिवाय संध्याकाळी त्या काकडीची चकती दोऱ्याला बांधून तळाशी सोडत. सकाळी चकती गोगलगायींनी झाकलेली असे, ती अलगद वर उचलायची. अशा उचललेल्या गोगलगायी काचेच्या बरणीत भरून त्या मासेवाल्याला नेऊन देत. त्याच्याकडच्या एका जातीचे मासे त्या आवडीनं खातात म्हणे. मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" तर म्हणाल्या, "वाटतं. पण दोनशे उपाशी ठेवण्यापेक्षा तीस नीट ठेवाव्यात." तीन महिन्यांत संख्या आटोक्यात आली.

संख्या कमी झाल्यावर त्यांना दुसरंच दिसलं. मोठ्या गोगलगायींच्या शंखांवर पांढुरके डाग पडले होते, काहींना मधोमध खड्डे. मला आधी दिसलेच नाहीत. ताईंनी एक गोगलगाय ओल्या बोटावर घेऊन भिंगाखाली धरली आणि डॉक्टरांच्या सुरात म्हणाल्या, "कीड."

"गोगलगाईला कीड?"

"तशीच दिसते. दाताला लागते ना, वरचा थर जातो, मग खालचं मऊ उघडं पडतं. पाण्यात काहीतरी आहे. किंवा नाही."

नाहीच होतं. फिल्टरच्या पाण्यातले क्षार निघून जातात, एवढं मला औषधाच्या दुकानात बसून माहीत होतं. मी ते बोलले. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं पहिल्यांदाच घरात दुसरं कुणी राहतंय हे त्यांना कळलं. "म्हणजे शंख बांधायला यांना सामानच मिळत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे काय असतं त्याला? कॅल्शियमच्या गोळ्या?" मी म्हटलं, गोळ्यांमध्ये बाकीचं पण बरंच असतं, नको. मग आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभं राहून अंड्यांची टरफलं उकळली, तव्यावर कोरडी केली, लाटण्यानं चुरली आणि पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून टाकीत सोडली. फिल्टरचं पाणी बंद. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं, मग ते घालायचं. नवरा म्हणाला, "मासे मेले तर मला सांगू नका." मासे मेले नाहीत. उलट आधीपेक्षा जास्त पळायला लागले, हे त्यानं चार दिवस कबूल केलं नाही आणि पाचव्या दिवशी शेजाऱ्याला स्वतःची युक्ती म्हणून सांगितलं.

दीड-दोन महिन्यांनी शंखाच्या तोंडाशी नवा भाग गुळगुळीत, चकचकीत आला होता. जुने खड्डे तसेच राहिले. ते भरत नाहीत.

या सगळ्यात आम्ही बोलायला लागलो होतो. सकाळी मी डबा भरत असे आणि ताई स्वयंपाकघराच्या दारातून एक डोळा टाकीकडे ठेवून बोलत. बोलणं बहुतेक तोंडांबद्दलच. एक बसचालक होते, त्यांना पुढच्या दोन दातांमध्ये फट हवी होती, कारण तरुणपणी ती होती आणि शिट्टी तिच्यातूनच वाजायची. डॉक्टर नको म्हणत होते. ताईंनी फट ठेवली. एक बाई कवळी घ्यायला आल्या आणि आरशात बघून रडल्या, कारण त्या हुबेहूब त्यांच्या आईसारख्या दिसायला लागल्या होत्या. मी विचारलं, मग? "मग काय, चार दात घासून दिले," ताई म्हणाल्या. सासूबाईंबद्दल त्या फारशा बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, की अकरा वर्षांत त्यांनी कुठलीही गोष्ट फक्त बघत बसायची म्हणून बघितली नव्हती. प्रत्येक गोष्ट काही ना काही करायला लावायचीच. गोगलगाय पृष्ठभागावर येते, श्वास घेते आणि हात सोडून दिल्यासारखी तळाला जाऊन पडते, ते बघताना त्यांना काही करावं लागत नाही.

गेल्या वर्षी दवाखान्यानं नवीन यंत्र घेतलं. ठसा घ्यायचा नाही, तोंडात कॅमेरा फिरवायचा, संगणकावर दात रचायचे आणि यंत्र ते कोरून देतं. ते शिकायला डॉक्टरांनी ताईंना सहा दिवसांसाठी दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलं. ताई आधी नको म्हणाल्या. पन्नाशी जवळ आली, आता कुठे संगणक? मग जायची तयारी केली, पाच-सहा वेळा टाकी बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "खाणं रोज सकाळी, एवढंच," आणि चिमटीत किती ते दाखवलं.

तिसऱ्या दिवशी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. मीठ भुरभुरल्यासारखे. मासे वाळूला अंग घासत होते. नवरा कामावर होता. मी दुकानातून येताना मासेवाल्याकडे गेले. तिथे तो नव्हता, त्याची मुलगी होती. तिला सांगितलं, तिनं लगेच बाटली काढून दिली. निळं औषध. "एवढ्या पाण्याला दोन टोपणं," ती म्हणाली. टाकीत गोगलगायी आहेत हे मी सांगितलं नाही, कारण माझ्या डोक्यात आजारी मासेच होते. घरी येऊन दोन टोपणं मोजून घातली. पाण्यात निळा धूर पसरावा तसं पसरलं. मला फार बरं वाटलं. ताई येतील तेव्हा मासे ठणठणीत असतील, मी सांगेन, बघा, मी पण केलं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच रिकामी होती.

गोगलगायी तळाशी पडल्या होत्या. काही शंखात आत ओढून बसलेल्या, काही अर्ध्या बाहेर लोंबणाऱ्या. मला वाटलं, औषधानं गुंगी आली असेल. दुकानात गेले, दिवसभर काम केलं. संध्याकाळी येऊन बघितलं तर एकही जागची हलली नव्हती आणि पाण्याला वास यायला लागला होता. तेव्हा मी बाटली उजेडात नेऊन मागचं बारीक छापलेलं वाचलं. कॉपर सल्फेट. त्याखाली: शंखवर्गीय जीव व कोळंबी असलेल्या टाकीत वापरू नये.

दिवसाला शंभर माणसांना मी सांगते, घरी जाऊन आधी मागचं वाचा.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताईला फोन नको करू. परीक्षा आहे तिची शेवटच्या दिवशी." ते खरंच होतं आणि मला सोयीचंही होतं. मी फोन केला नाही. एखादी अजून जिवंत असेल, या आशेवर टाकीलाही हात लावला नाही.

ताई शनिवारी दुपारी आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधीच दारात थांबल्या. वास आला असणार. टाकीजवळ गेल्या, वाकल्या.

"काय घातलंस?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून बाटली डोळ्यांजवळ नेली, वाचली, परत दिली. मग बाह्या वर केल्या, बादली मागितली आणि पातेलं मागितलं. एकेक गोगलगाय काढून आधी नाकाशी नेत, मग पातेल्यात टाकत. मेलेलीचा वास वेगळा येतो, त्यात चूक होत नाही. मी शेजारी उभी राहून पाणी काढत होते. तीन तास आम्ही ते करत होतो. एकही जिवंत निघाली नाही. मी दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा त्यांनी पुढची गोगलगाय नाकाशी नेली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "माशांचे ठिपके गेले ना? मग औषध चांगलं आहे." त्यांनी ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात नवरा आला. त्याला वातावरण हलकं करायचं होतं. त्याला नेहमीच नेमकं तेव्हा वातावरण हलकं करायचं असतं. टाकीत डोकावून म्हणाला, "चला, आपोआप साफसफाई झाली."

ताईंनी पातेलं खाली ठेवलं.

"साफसफाई?"

"अगं, गंमत केली."

"कसली गंमत? दोन वर्षं मी बघतेय त्यांच्याकडे. तुझ्या घरात मी दुसरं काही केलंय का माझ्या मनासारखं? सांग ना. पडदा तुझ्या पसंतीचा, पलंग तुझ्या पसंतीचा. मी काही बोलले? दार अर्धं उघडतं, बोलले? एवढा काचेचा तुकडा होता, बाळ्या. त्यात मला माझ्या डोक्यानं काहीतरी करता येत होतं. आणि तू म्हणतोस साफसफाई!"

ताईंचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. नवरा कामावरून आणलेली बॅटरी हातात धरून तसाच उभा होता, चूक झालेल्या पोरासारखा. ताईंनी हात धुतले, बॅग उचलली आणि अर्ध्या उघडणाऱ्या दारातून आडव्या होऊन आत गेल्या. संध्याकाळी बाहेर येऊन जेवल्या, ताट धुतलं. "परीक्षेत पास झाले," एवढं सांगितलं. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "अरे वा."

सोमवारी मी मासेवाल्याकडे गेले. यावेळी तो स्वतः होता. मी म्हटलं, गोगलगायी हव्यात. तो हसायलाच लागला. "बाई, लोक मला फुकट आणून देतात. तुमच्याच घरून यायच्या! सगळ्या माशांना घातल्या मी." मग मी काय घडलं ते सांगितलं, तर हसायचा थांबला. म्हणाला, त्या टाकीत आता त्यांना ठेवूच नका. तांबं वाळूत मुरतं, पाणी बदललं तरी बरेच दिवस राहतं. मग मला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे रोपांची मोठी टबं होती. "शोधा. मिळतील तेवढ्या तुमच्या."

दुकानातल्या गणवेशावर होते मी. कोपरापर्यंत हात बुडवून एकेक पान उलटं करत एक तास घालवला. येणारी-जाणारी गिऱ्हाईकं बघत होती. एका माणसानं विचारलं, "अंगठी पडली का?" मी म्हटलं, "हो." नऊ मिळाल्या. त्यातल्या दोन इतक्या लहान, की त्या गोगलगायी आहेत की बिया यावर मासेवाला आणि मी पाच मिनिटं वाद घातला. नवीन बरणी घेतली, त्याच्याच टबातलं पाणी भरलं, एक रोप टाकलं आणि घरी आणून ओट्यावर खिडकीशी ठेवली.

ताई दवाखान्यातून आल्या, पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. बरणीकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं अजून सुरकुतलेली होती.

"स्वतः काढल्यास?"

"हो."

"ही मोठी आहे तिला खड्डा आहे," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "बस. तुला एक सांगायचंय. मी खोली बघितलीय."

मी म्हटलं, "ताई, माझी चूक झाली, पण म्हणून तुम्ही घर..."

"ऐकून घे. शिकायला जायच्या आधीच बघितली होती. दवाखान्याच्या पलीकडच्या रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर. शिकून आले तर घ्यायची, नापास झाले तर नाही, असं ठरवलं होतं. बाळ्याला कसं सांगायचं तेवढंच कळत नव्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "शनिवारी बोलले ते बोलायचं नव्हतं मला तसं. पण खोटं नव्हतं."

"रागावून जाताय का?"

"रागानं गेले असते तर शनिवारीच गेले असते. बॅग भरलेलीच होती की."

मला हसू आलं आणि रडूही. ताईंनी मला रडू दिलं, थोपटलं वगैरे नाही. चहा टाकला.

नवऱ्याला पचायला वेळ लागला. बहिणीनं वेगळं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, तो म्हणाला. ताई म्हणाल्या, "लोकांची तोंडं मी रोज बघते. फार काही नसतं त्यांत." मग तो रुसला. आठवडाभर रुसून झाल्यावर खोली बघायला गेला आणि परत आला तो यादी घेऊनच. नळ गळतो, खिडकीची कडी नाही, टेबल ठेवायचं तिथे प्लग नाही. तीन रविवार तो तिकडे हत्यारं घेऊन जात होता. नवी दीड फुटी काचेची टाकीही त्यानंच आणली, वाळू आठ वेळा धुतली आणि मला म्हणाला, "हिच्यात तू काही घालायचं नाहीस." मी म्हटलं, "आणि तू साफसफाई करायची नाहीस." त्या विषयावर आमच्या घरात झालेलं बोलणं तेवढंच.

ताई जाऊन आता दहा महिने झाले. खोली लहान आहे, पण दार पूर्ण उघडतं. पडदे त्यांनी गडद पिवळे लावलेत. मला आवडत नाहीत, त्यांना फार आवडतात. टाकीत सध्या तीसेक गोगलगायी आहेत आणि दुसरं काहीच नाही. मासे ठेवले नाहीत. येणारे-जाणारे विचारतात, मासे कुठेत? ताई म्हणतात, नाहीत. नव्या यंत्रावर काम चांगलं चालतं, पण शेवटचा हात त्या अजून भिंग लावूनच फिरवतात. यंत्राला, त्यांच्या म्हणण्यानुसार, हसताना माणसाचा ओठ किती वर जातो ते कळत नाही.

आमच्या दुकानाला गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी संध्याकाळी मी ताईंकडे जाते. सुरुवातीला काहीतरी निमित्त लागायचं, अंड्यांची टरफलं घेऊन जायचे. गेल्या गुरुवारी गेले तेव्हा हातात काहीच नव्हतं. दुकानाच्या मालकानं दुसऱ्या शाखेची जबाबदारी घ्याल का विचारलंय, तेच डोक्यात होतं. घ्यावी की नाही, घरी नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच माझ्या वतीनं ठरवून टाकेल, असं सगळं मी ताईंना सांगत बसले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे बसायला खुर्ची असेल, की दिवसभर उभंच?" हे मी मालकांना विचारलंच नव्हतं. "मग उद्या आधी ते विचार," ताई म्हणाल्या. बोलता बोलता साडेसात झाले. बस चुकली. पुढची यायला पाऊण तास होता, म्हणून आम्ही खाली उतरलो आणि थांब्यापर्यंत सावकाश चालत गेलो.